लंडनच्या मुलाखतीत निफाडची द्राक्षं

प्रश्न : ताई, मी पुण्यात बी.ए. एलएल.बी.च्या पाचव्या वर्षाला आहे. लंडनच्या एका लॉ फर्मने ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टसाठी, म्हणजे सॉलिसिटर (तिकडचा वकील) होण्याआधीच्या प्रशिक्षणासाठी, व्हिडिओ मुलाखतीला बोलावलंय. मार्क ६२ टक्के. इंग्रजी बरं आहे, पण उच्चार आपलेच. 'व्हाय लंडन?'ला काय सांगू? आणि व्हिसाचा विषय काढावा की गप्प बसावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : 'व्हाय लंडन?'ला माझ्या पहिल्या मुलाखतीत मी फर्मच्या वेबसाइटवरचं पाठांतर म्हणून दाखवलं होतं. 'ग्लोबल', 'डायनॅमिक' वगैरे. समोरच्या बाईंनी हळूच पेनाला टोपण लावलं. आठवड्याभरात नकार आला.

पुढच्या मुलाखतीत मात्र द्राक्षं कामाला आली. आम्ही निफाडचे. २०१० साली, मी शाळेत असताना, युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले आणि माल अडकला. बागाईतदार त्याला लिहोसिन म्हणतात. निर्यातदारामार्फत गेलेला वडिलांचा मालही त्यात होता. तो गेला होता कन्साइनमेंटवर, म्हणजे तिकडे विकेल त्या भावाने पैसे. विकलाच नाही तर? कोल्ड स्टोरेजचं भाडं कोणाच्या बोकांडी? वडिलांच्या हातात होती फक्त एक घडी पडलेली पावती. वजन, पेट्या, तारीख, बस. हे सगळं मी सांगितलं आणि म्हटलं, जोखीम कुठल्या टप्प्यावर कोणाकडे जाते आणि वाद कुठल्या देशाच्या कायद्याने सुटेल, या दोन ओळी त्या कागदावर असत्या तर निदान भांडता तरी आलं असतं. जगातल्या कितीतरी करारांत त्या दुसऱ्या ओळीत 'इंग्लिश लॉ' असतं, भले दोन्ही पक्षांचा इंग्लंडशी काडीचा संबंध नसो. मला तो कायदा जिथे मुरलाय तिथे शिकायचाय. त्यानंतरची वीस मिनिटं आम्ही द्राक्षांवरच बोललो.

तुझ्याकडे द्राक्षबाग नसेल. पण घरात, गावात, इंटर्नशिपमध्ये कोणाचा तरी पैसा कागदापायी अडकलेला तू पाहिला असशीलच. तिथून सुरुवात कर.

व्हिसाचं अजिबात लपवू नकोस. फॉर्ममध्येच बहुधा विचारलेलं असतं. 'हो, स्किल्ड वर्कर व्हिसासाठी स्पॉन्सरशिप लागेल', इतकंच बोलायचं. माफी मागितल्याचा सूर नको. त्याआधी फर्म परवानाधारक स्पॉन्सर आहे का, म्हणजे परदेशी माणसाला व्हिसावर नोकरीला घेण्याचा परवाना तिच्याकडे आहे का, ते ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटवरच्या यादीत बघून ठेव. ती कोणालाही बघता येते.

मार्कांनी घाबरलीस ना? तिकडे ७० ला फर्स्ट आणि ६० ते ६९ ला 'टू-वन' म्हणतात. बऱ्याच फर्म 'टू-वन किंवा समकक्ष' मागतात. समकक्ष कशाला धरायचं ते प्रत्येक फर्म आपापलं ठरवते, म्हणून वर्गातला नंबर चांगला असेल तर तो आवर्जून सांग.

उच्चार राहू देत, वेग कमी कर. खरी अडचण शब्दांची येते. केस स्टडीत मी 'टू क्रोर' म्हणाले आणि समोर तिन्ही चेहरे कोरे! वीस मिलियन म्हणायचं. 'प्रीपोन'ही आपल्याकडचाच बरं का.

यंदा नाही जमलं तर एसक्यूईची, म्हणजे सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशनची, वाट आहेच. २०२१ पासून सॉलिसिटर व्हायला या परीक्षा आणि दोन वर्षांचा पात्र अनुभव लागतो. तो अनुभव भारतातही घेता येतो, फक्त त्यावर इंग्लंड-वेल्सच्या सॉलिसिटरची सही हवी.

आणि हो, मुलाखत मार्चअखेरीस असेल तर वेळ दोनदा तपास. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात. हिवाळ्यात त्यांचे दहा म्हणजे आपले साडेतीन, नंतर अडीच. एकदा मी साडी नेसून, बरोब्बर साडेतीनला कॅमेरा सुरू केला, तेव्हा तिकडे अकरा वाजले होते.