कुडातलं भोक

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारच्या बाजारात तू मला चहाच्या टपरीवर गाठलंस आणि उभ्या उभ्या विचारलंस, "गुरुजी, पोरीसाठी काय बरं? घरीच राहू का तालुक्याला वेगळं बिऱ्हाड करू?" तेवढ्यात बस आली नि तू गेलास. तेव्हापासून तोच प्रश्न डोक्यात घोळतोय, म्हणून हे पत्र. फोनवर मला बोलणं जमत नाही, आणि तू दर वाक्याला 'हो जी, हो जी' करतोस.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. वेगळं नीघ. दुकान तिकडे, रोजची 40 किलोमीटरची ये-जा, पोरगी झोपल्यावर तू घरी येणार आणि ती उठायच्या आत निघणार. एकत्र घरात राहून तिला बाप काही मिळत नाही. सूनबाईच्या जिवालाही जरा उसंत मिळेल. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाताना मी आजवर पुरुषच जास्त ऐकले. चुलीपुढे बसणारी बाई त्यावर सहसा बोलत नाही.

पण तू पोरीचं विचारलंस, पुतण्याचं विचारलं नाहीस.

दादा गेल्याला आता दोन वर्षं होतील. पोरगा 11 वर्षांचा झाला. त्या घरात त्याच्याशी बोलणारा मोठा माणूस तू एकटाच आहेस. आबाजींना ऐकू येत नाही, आणि वहिनी दिवसभर वावरात असते. तू बिऱ्हाड हलवलंस की पोराच्या हिशेबी हे दुसरं जाणं. तुला ते तसं वाटणार नाही, म्हणून सांगतोय.

माझ्या घरची गोष्ट तुला कधी सांगितली नाही. मी नऊ वर्षांचा असताना बाबा आणि काका वेगळे निघाले. अंगणात मधोमध पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, कूड उभा राहिला. वावर अर्धं अर्धं झालं, विहीर मात्र सामाईक राहिली. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, आणि पाण्याची पाळी तर रोजची. मग बाबा मला पाठवायचे, "काकाले सांग, आज पाळी आपली हाय." काका उसळायचे, "विहीर का त्याच्या बापाची हाय?" विहीर खरोखर त्याच्याच बापाची होती, आणि बोलणाऱ्याच्याही. आज हसू येतं. तेव्हा मी तो निरोप पोटात धरून कुडाला वळसा घालेपर्यंत त्याचं दुसरंच काही करायचो: "काका म्हणते, अर्ध्या दिवसानं घ्या." कधी मारामारी टळायची, कधी दोघंही मलाच खोटारडा ठरवायचे.

दोन वर्षं हे असंच चाललं, आणि त्यात मी एक कला शिकलो. समोरच्याला काय ऐकायचं आहे ते ओळखायचं आणि तेच सांगायचं. नोकरीत ती फार उपयोगी पडली, कोणताही साहेब माझ्यावर नाराज झाला नाही. घरात मात्र माझ्या मुलाने एकदा जेवता जेवता विचारलं, "बाबा, तुम्ही नेमके कोणाच्या बाजूने असता?" मला उत्तर देता आलं नाही. अजूनही कोणाला तोंडावर 'नाही' म्हणायचं तर मला घाम फुटतो. कुडाने माझं काही बिघडवलं नव्हतं. त्या कुडाला एक भोक होतं, तिथून काकू अंबाडीची भाजी आणि भाकर आत सरकवायची, आई तिकडे ठेचा द्यायची. दोघींचं काही बिनसलंच नव्हतं. बिघडवलं ते निरोप्या केल्याने.

म्हणून वाटणीच्या गोष्टी पुतण्याकरवी करू नकोस. वहिनीला विचारायचं ते वहिनीला विचार, आबाजींच्या कानाशी ओरडायचं ते ओरड. 'तुह्या मायले म्हणा' हे शब्द त्या पोराच्या डोक्यावर ठेवू नकोस.

दुसरी गोष्ट बोलायला जड आहे. मागच्या महिन्यात समाजमंदिरातला संध्याकाळचा वर्ग सुटल्यावर तो मागे रेंगाळला. पाटीचा कोपरा खरवडत म्हणाला, "गुरुजी, अपात्र म्हंजे काय असते जी?" मी म्हटलं, कुठे ऐकलंस? तर घरी. शेतकऱ्याने जीव दिला की सरकारची 1 लाखाची मदत असते, 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत, हे तुला माहीतच आहे. दादाचं कर्ज बँकेचं नव्हतं, हातउसनं होतं, म्हणून प्रकरण अपात्र ठरलं. घरात सगळे तोच शब्द बोलतात, आणि पोराने तो बापाला लावून घेतलाय. त्याला वाटतं, बापात काहीतरी कमी होतं असं कोणीतरी लिहून दिलं. मी कागदाचं, कर्जाचं समजावलं. त्याने मान हलवली, पण ती मान मी ओळखतो, माझीही तशीच हलायची. हे तू सांगायला हवं. बाप कसा गेला ते गावातल्या पोरांनी त्याला केव्हाच सांगितलंय. घरातलं कोणी सांगत नाही, म्हणून त्याला ते लपवण्यासारखं वाटतं.

आपल्याकडे बिनबापाच्या पोराचा विषय निघाला की कोणीतरी गाडगेबाबांचं नाव काढतंच. डेबूजीचा बाप दारूपायी लवकर गेला आणि माय त्याला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरकडच्या दापुऱ्याला आली, हे खरं. तिथे मामाच्या घरी गुरं राखत तो वाढला. पण दाखला देणाऱ्यांना बाबा आठवतात, मामा कोणाला आठवत नाही. ज्या घराने मायलेकरांना ठेवून घेतलं, त्या घराचं नावही कोणी घेत नाही.

आता कागदाचं. शेत आबाजींच्या नावे आहे. तहसीलदारांकडून जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटप करून घ्याल तेव्हा दादाचा हिस्सा वहिनीच्या आणि पोराच्या नावाने पाडा. 'पोरगा मोठा झाला की बघू' म्हणू नकोस, त्या बघू-बघूतच भावकी पेटते. बालसंगोपन योजनेचा अर्ज अजून केला नसेल तर कर. एक पालक नसलेल्या मुलाला महिन्याला 2,250 रुपये मिळतात. मृत्यूचा दाखला आणि शाळेचा बोनाफाईड घेऊन जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात वहिनीसोबत तू जा. तिला एकटीला खिडक्या फिरायला लावू नकोस.

आणि 'ताई तर हक्कसोड करूनच देते म्हणाली' असं तू सहज बोलून गेलास. देईल ती. आपल्या बहिणी देतातच, माहेरची साडीचोळी तुटू नये म्हणून. आपल्या राज्यात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून वडिलोपार्जित जमिनीत लेकीला लेकाइतकाच वाटा आहे, हे तिला ठाऊक आहे का, एवढं तरी विचार. त्यावरही ती सोडते म्हणाली तर तिची मर्जी. तुझ्या पोरीचा जन्मदाखला तू मला मोबाईलवर दाखवला होतास. 1 मे 2024 नंतरचा जन्म, म्हणून तिच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग तुझं. किती कौतुक होतं तुला. दाखल्यावर आई आधी आणि सातबाऱ्यावर आत्याच नाही, याचं ती मोठी झाल्यावर तुला विचारणार.

बिऱ्हाड कापसाची वेचणी आटोपल्यावर हलव. वेचणी चालू असताना वहिनीला एकटं टाकू नकोस, आणि त्या दिवसांत पोराची शाळाही बुडते, मी पाहिलंय. रविवारी त्याला दुकानावर बोलावत जा. काम नको सांगूस, नुसता गल्ल्याजवळ बसू दे. तान्हा पोळ्याचा त्याचा लाकडी नंदी दादाने बनवला होता. त्याचं एक चाक निखळलंय, ते तेवढं बसवून दे.

या गुरुवारी येशील तेव्हा त्यालाही सोबत आण. फळा वाचताना तो डोळे बारीक करतो. पुढच्या बाकावर बसवलं तरी तेच. मला वाटतं त्याला चष्मा लागलाय. तालुक्याला नेऊन डोळे तपासून आण.

तुझा,
गुरुजी