२३० व्होल्टवर ६.५ अँपिअर घेणाऱ्या पाणी तापवायच्या रॉडचा रोध आणि पॉवर किती?

रोध सुमारे ३५.४ ओहम आणि पॉवर १,४९५ वॅट, म्हणजे तुमचा रॉड दीड किलोवॅटचा आहे. व्होल्टेजला करंटने भागलं की रोध मिळतो, दोन्हींचा गुणाकार केला की पॉवर. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रिक पॅनेलच्या कामात हा हिशोब रोजचाच. करंट मोजायचा क्लॅम्प मीटर मात्र एकाच वायरीभोवती धरा. दोन्ही वायरी एकत्र धरल्या तर शून्य दाखवतो. नाशिकच्या थंडीत पहाटे व्होल्टेज २०० वर उतरलं, तर रोध जवळपास तोच राहतो, पण पॉवर १,१३० वॅटवर येते, त्यामुळे बादली तापायला जास्त वेळ लागतो. विहिरीवरच्या सिंगल फेज मोटरला हा गुणाकार तसाच लावू नका, तिथे पॉवर फॅक्टरनेही (या गुणाकारातला किती भाग खरी पॉवर आहे ते सांगणारा आकडा) गुणावं लागतं.