हर्णैजवळ घर बांधतोय, वर कोणता पत्रा टाकू?

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. मूळ गाव चोपड्याकडचं, नोकरी झेडपीच्या शाळेत दापोली तालुक्यात, हर्णैच्या बाजूला समुद्रापासून चारशे मीटरवर घर काढलंय, गावाकडचा फॅब्रिकेटर म्हणतो जाड जीआय पत्रा टाका अन् निवांत राहा, तिकडचे शेजारी म्हणतात पत्रा नकोच, कौलं घाला. मी धुळ्याचा, शेडची कामं करतो, अवधान एमआयडीसी, शिरपूर, दोंडाईचा असा माझा पट्टा. माझा साडू पण तुमच्यासारखाच तिकडं गुहागरला गुरुजी आहे, त्याच्यामुळे अन् त्याच्या ओळखीपाळखीमुळे कोकणातली बरीच छपरं उतरवायला अन् चढवायला मिळाली. म्हणून दोन्हीकडचं बघून सांगतो.

तुमचा गावाकडचा माणूस खोटं बोलत नाहीये, फक्त तो खान्देशातलं बोलतोय. आपल्याकडे हवा कोरडी, पाऊस बेताचा, पत्र्याला खरा त्रास उन्हाचा अन् मे-जूनच्या वावधनाचा, ज्यात रावेर-यावलकडे केळी आडवी होते तेच वारं. गंज आपल्याकडे इतक्या सावकाश येतो की माणूस पत्रा हातात घेऊन फक्त जाडी बघतो, चोवीस गेज का सव्वीस गेज, झालं. समुद्राकाठी जाडी अन् आयुष्य यांचा फार संबंध नाही. जाडी लागते वाऱ्यासाठी, वर चढल्यावर पाय दबू नये म्हणून, नारळ-झावळी पडली तर पोचा कमी यावा म्हणून. पत्रा किती वर्षं टिकेल ते ठरतं वरच्या कोटिंगवर, आणि ते दुकानदार आपणहून सांगत नाही, तुम्हाला विचारावं लागतं.

जीआय म्हणजे लोखंडावर जस्त. जस्ताचं माप ग्रॅममध्ये असतं, एका चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून किती ग्रॅम. बाजारातला स्वस्त पत्रा १२० ग्रॅम किंवा त्याहून कमी असतो, चांगला २७५ पर्यंत मिळतो. गॅल्व्हल्यूम म्हणतात त्यात ५५ टक्के ॲल्युमिनियम, साधारण ४३ टक्के जस्त अन् दीडेक टक्का सिलिकॉन असतो, तो १५० ग्रॅमचा घ्यायचा, त्याला एझेड १५० म्हणतात. खाऱ्या हवेत हा साध्या जीआयपेक्षा कितीतरी जास्त तग धरतो. आणखी एक गोम, ०.५० एमएम सांगतात ते कोटिंग-रंग धरून आहे का नुसत्या पोलादाचं ते विचारा, दोन्ही आकडे वेगळे असतात अन् भाव करताना सोयीचा तो सांगितला जातो.

आता रंगीत पत्र्याबद्दल, कारण इथंच लोक फसतात. रंगीत पत्र्याला वरच्या बाजूनं चांगला वीस मायक्रॉनच्या आसपास रंग असतो, खालच्या बाजूला मात्र नुसता पातळ बॅक कोट, पाच-दहा मायक्रॉनचा. आपल्याकडे ह्याचं काही वाटत नाही कारण ऊन-पाऊस वरून येतो. समुद्राकाठी मात्र पत्रा सडतो खालून! वळचणीला, जिथं पत्रा भिंतीच्या बाहेर दीड-दोन फूट आलेला असतो, तिथं खालच्या अंगाला हात लावून बघा कुणाच्याही घरी, चिकट खारट थर लागेल. पावसाळ्याचे चार महिने पाऊस वरचा पृष्ठभाग धुऊन काढतो, वळचणीखाली, पडवीच्या आत पाणी पोचतच नाही, तिथलं मीठ वर्षभर तसंच बसून राहतं अन् रात्रीच्या दमट हवेत ओलं होतं. मी उतरवलेल्या बहुतेक पत्र्यांची वरची बाजू बघितली तर अजून पाच-सात वर्षं सहज गेला असता असं वाटायचं, अन् पलटला की वळचणीकडची फूटभर पट्टी चाळणी. म्हणून तुम्हाला रंगीतच घ्यायचा असेल तर दोन्ही बाजूंना पूर्ण रंगाचा मागा, ऑर्डर दिली तर मिळतो, चार दिवस थांबावं लागेल. अन् घर झाल्यावर दर दोन-तीन महिन्यांनी, निदान दिवाळी ते मे, वळचणीच्या खालून साध्या गोड्या पाण्याचा पाइप मारत जा. फुकटातलं काम आहे, कुणी करत नाही.

चारशे मीटर हे अंतर पण नुसतं आकडा म्हणून बघू नका. मध्ये टेकाड, आंबा-काजूची दाट झाडी असेल तर बरंच मीठ तिथं अडतं. समोर उघडा किनारा अन् लाटा फुटताना दिसत असतील तर तोच चारशे मीटर खूप वाईट, खाडीच्या आतल्या बाजूला तेवढा त्रास नसतो. पत्रा घेताना कंपनीचं वॉरंटी कार्ड मागून वाचा, समुद्रापासून अमुक अंतराच्या आत वॉरंटी नाही असं बहुतेक कार्डात बारीक अक्षरात असतं. दुकानदार वीस वर्षं म्हणतो तेव्हा तो चाळीसगावातली वीस वर्षं सांगतोय.

समोर उघडा समुद्र असेल तर मी तरी तुम्हाला ॲल्युमिनियमचा पत्रा सांगेन. महाग आहे, पण त्याला लोखंडासारखा तांबडा गंज चढतच नाही. मऊ असतो म्हणून ०.७ एमएमच्या खाली जाऊ नका अन् पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यांच्यावर बसतो ते आडवे पाइप, एकमेकांच्या जवळ घ्या. एक भानगड सांभाळायची, ॲल्युमिनियम थेट लोखंडी पाइपावर टेकवायचं नाही. खारं पाणी मध्ये आलं की दोन धातूंची जुगलबंदी सुरू होते अन् ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मध्ये रबराची नाहीतर बिटुमनची पट्टी टाकायची. ओलं सिमेंट पण लागू द्यायचं नाही, गवंडी भिंतीला पत्रा भिडतो तिथं मसाला थापून टाकतात ना, तो ॲल्युमिनियमलाही खातो अन् गॅल्व्हल्यूमलाही. तिथं फ्लॅशिंग, म्हणजे सांधा झाकणारी वाकवलेली पत्र्याची पट्टी, लावून घ्या.

आता वारा. माझ्या मते छपराचं खरं मरण इथं आहे, अन् ह्यावर कुणी प्रश्न विचारत नाही, सगळे पत्र्याची कंपनी विचारतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर होता, तुमचा दापोलीचा पट्टा पण त्यात झोडपला गेला, अन् पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्यानं वर गुजरातकडे गेलं. साधा हिशोब करून बघा. वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र आयएस ८७५ ह्या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात आहे, वेग मीटर प्रति सेकंद घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा अन् ०.६ नं गुणायचं. ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर, दाब येतो चौरस मीटरला जवळपास ६८ किलो. दहा फुटी पत्रा साडेतीन फूट रुंद धरला तर त्या एका पत्र्यावर दोनशे किलोच्या वर जोर, अन् पत्र्याचं स्वतःचं वजन पंधराएक किलो. कडांना अन् कोपऱ्यांना ह्याच्याही पुढं जातो. आणि हा जोर ढकलायचा नसतो, बराचसा वर ओढायचा असतो. म्हणून आपल्याकडे पत्र्यावर दगड, जुने टायर, वाळूच्या गोण्या ठेवतात ते तिकडं अजिबात करू नका, वादळात तोच दगड दुसऱ्याच्या डोक्यात. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो हे डोक्यात ठेवा. त्याच आयएसमध्ये नाशिकला ३९ मीटर प्रति सेकंद अन् मुंबईला ४४ धरायला सांगितलंय, आकडे जवळजवळ वाटतात पण वर्ग केला की सव्वापट फरक पडतो. तुमच्या इंजिनिअरला नकाशा उघडून तुमच्या जागेचा आकडा लिहायला लावा.

छपराचा आकार पहिला ठरवा. आपल्याकडचं डोकं सपाट छपराचं, जुनं धाब्याचं घर असो नाहीतर आताची शेड, उतार देतो नावाला. असं कमी उताराचं पत्र्याचं छप्पर वारा सगळ्यात जोरात वर ओढतो. कोकणातली जुनी घरं चौपाखी असतात ते उगाच नाही, चारही बाजूंनी उतार असला की वाऱ्याला धरायला सरळ त्रिकोणी भिंत सापडत नाही. पंचवीस-तीस अंशाचा उतार घ्या. वळचण दीड फुटाच्या पुढं काढू नका. अन् पडवीचं छप्पर मुख्य छपराला सलग जोडू नका, वेगळं करा, खाली चार बोटं सोडून. उघड्या पडवीत वारा खालून घुसतो अन् वरून ओढतो, छत्री उलटी होते तसं ते आधी जाणार, जाऊ द्या, पण जाताना घराचं छप्पर सोबत घेऊन जायला नको.

स्क्रू हा विषय पाच रुपयांचा वाटतो पण पाच लाखांचं छप्पर त्याच्यावर असतं. साधा झिंक केलेला सेल्फ स्क्रू समुद्राकाठी दोन-तीन पावसाळ्यांत डोक्याला लाल होतो, मग डोकं तुटतं नाहीतर गंजाचं पाणी पत्र्यावर उतरून तिथं पत्रा खातं, वरून सगळं शाबूत दिसतं अन् वादळात पत्रा उडी गया ना भो म्हणायची पाळी. क्लास ४ कोटिंगचे स्क्रू मागा, ॲल्युमिनियमच्या पत्र्याला स्टेनलेसचे, तेही ३१६ ग्रेडचे, ३०४ वर पण समुद्राच्या हवेत तपकिरी डाग येतात. वायसर ईपीडीएम रबराचं अन् मोठं घ्या, कारण बऱ्याचदा स्क्रू उपटून येत नाही, पत्राच स्क्रूच्या डोक्याभोवती फाटून निघतो. वळचणीच्या, आढ्याच्या अन् दोन्ही कडांच्या ओळीत प्रत्येक उंचवट्याला स्क्रू, मधल्या ओळीत एक सोडून एक चालेल. पर्लिन आपण शेडला पाच फुटांवर देतो, तुम्ही मध्ये चार अन् कडेला तीन फुटांवर घ्या. मिस्त्री कुरकुर करेल, करू द्या.

आणि पर्लिन अन् त्यांना खालून धरणारी त्रिकोणी कैची कशाची? लोखंडी पाइपाला रेड ऑक्साइड मारून वर ऑइल पेंट, हे आपलं नेहमीचं, तिकडं पुरत नाही. पातळ चौकोनी पाइप आतून सडतो, बाहेरून रंग चकचकीत. हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला पाइप घ्या, टोकं बंद करा, अन् वेल्डिंग केलं तिथला जस्त जळालेला असतो, तो जोड घासून झिंकचा प्रायमर मारल्याशिवाय वरचा रंग लावू देऊ नका. मी तर म्हणतो वेल्डिंग कमी, बोल्ट जास्त. कैची शेवटी भिंतीवर नुसती टेकलेली नसावी. पत्र्यानं स्क्रूला धरलं, स्क्रूनं पर्लिनला, पर्लिननं कैचीला, अन् कैची विटांवर चार इंच मसाल्यात, तर अख्खा सांगाडा पत्र्यासकट उचलला जातो. भिंतीच्या डोक्यावर चारही बाजूंनी आरसीसी बँड, म्हणजे सळई घातलेला काँक्रीटचा पट्टा घ्या, अन् ओततानाच त्यात अँकर बोल्ट सोडा. चक्रीवादळात बैठी घरं कशी टिकवायची ह्यावर आयएस १५४९८ म्हणून वेगळं पुस्तकच आहे, इंजिनिअरला ते माहीत नसेल तर इंजिनिअर बदला.

शेजाऱ्यांच्या कौलांचं म्हणाल तर ते चूक नाहीत. मंगलोरी कौल १८६० च्या दशकापासून त्याच किनाऱ्यावर बनत आलंय, भाजलेली माती गंजत नाही, घर थंड राहतं. पण कौल नुसतं रिपेवर, म्हणजे आडव्या लाकडी पट्टीवर ठेवलेलं असतं, वळचणीच्या दोन ओळी, कडा अन् आढ्याची कौलं तारेनं बांधली नाहीत तर वादळात तीच आधी सुटतात, कौलाला खालून भोक त्यासाठीच असतं. तार साधी नको, तांब्याची नाहीतर स्टेनलेसची. अन् माकडं! कोकणात लोक कौलं काढून पत्रा टाकतात त्यातले निम्मे वादळाला नाही, माकडांना कंटाळून. सिमेंटचा पत्रा गंजत नाही पण नारळ पडला की खलास, अन् त्यात ॲस्बेस्टॉस असेल तर कापतानाची धूळ वाईट, घरासाठी मी नाही सांगणार. पीव्हीसीचे कौलासारखे दिसणारे पत्रे निघालेत, गंजाचा प्रश्नच नाही, पण उन्हानं लांबी वाढते-घटते, भोक स्क्रूपेक्षा मोठं पाडावं लागतं अन् पर्लिन खूप जवळ लागतात. पडवीला वापरून बघा.

पैसे जमत असतील तर उतरता स्लॅब अन् त्यावर कौल, ह्याच्या वर काही नाही. फक्त काँक्रीट आपल्याकडच्या सवयीनं एम २० करू नका, हा ताकदीचा ग्रेड आहे, आकडा मोठा तेवढं काँक्रीट मजबूत. आयएस ४५६ प्रमाणे समुद्राकाठच्या हवेला किमान एम ३०, अन् सळईवर ४५ एमएम कव्हर, म्हणजे सळईच्या बाहेर तेवढा काँक्रीटचा थर. स्लॅबवाले अर्धा-पाऊण इंचावर सळई ठेवतात, मग सात-आठ वर्षांत खालून ढलप्या पडतात. कव्हर ब्लॉक स्वतः मोजून घ्या, अन् किनाऱ्याची वाळू कुणी कितीही धुतलेली म्हणून दिली तरी नको.

माल इकडून नेणार असाल तर, स्वस्त पडतो म्हणून बरेच नेतात, पावसाच्या आधी न्या. घाटात ताडपत्रीखाली पाणी शिरून पत्र्याच्या थप्पीत साचलं की जीआयला पांढरी पावडर धरते, गॅल्व्हल्यूमला काळे डाग, अन् ते निघत नाहीत. उतरवल्यावर थप्पी एका बाजूनं उंच ठेवा, पाणी वाहून जाईल अशी. अन् पत्रा ग्राइंडरनं कापू देऊ नका. ठिणग्या रंगाला चिकटतात, कड जळते, पहिल्याच दमट रात्रीनंतर छपरावर तांबडे ठिपके दिसायला लागतात. कातरीनं नाहीतर निबलरनं (पत्रा ठिणगीविना कुरतडत कापणारं यंत्र) कापायचं, अन् संध्याकाळी काम थांबलं की स्क्रूच्या भोकाचा निघालेला लोखंडी किस मऊ झाडूनं खाली काढायचा, रोजच्या रोज. प्लॉटसमोर काय आहे, उघडा समुद्र का टेकडी, अन् घराची लांबी-रुंदी एवढं खाली लिहा, मी कैचीचा अंदाज सांगतो, फायनल मात्र इंजिनिअरकडूनच करून घ्या.