स्टॉकहोमला पहिल्यांदाच ग्रुप नेताय?

दहा-बारा जणांना घेऊन जाताय, छानच होईल सहल. फक्त एका दिवसात पाच ठिकाणं कोंबू नका. नवीन माणसं हमखास इथेच चुकतात. दोन पुरे.

पहिला दिवस यूर्गोर्डेन बेटाला द्या. शहराच्या मध्यातल्या स्लुसेन धक्क्यावरून फेरीबोटीने जा, शहराचं नेहमीचं एसएल (बस-मेट्रोचं) तिकीट तिथे चालतं. तिथल्या वासा म्युझियमला दोन तास तरी हवेतच. १६२८ साली पहिल्याच सफरीत बुडालेलं आणि १९६१ मध्ये वर काढलेलं लाकडी जहाज डोळ्यांसमोर उभं असतं, त्यावरचं कोरीवकाम बघताना सगळे गप्प होतात! आत अंधूक उजेड आणि गारवा असतो, ज्येष्ठांचे स्वेटर हाताशी ठेवा.

बाकी एवढंच:

- गाम्ला स्तान म्हणजे जुन्या शहरात दगडगोट्यांची फरसबंदी आहे. नवे बूट नकोत, जुने सवयीचे घाला.
- चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधीच ठरवा. गाम्ला स्तानमधला स्तोरतोरियेट चौक उत्तम.
- रोख क्रोनर (स्वीडनचं चलन) बदलून घेऊ नका, जवळपास सगळीकडे कार्डच चालतं. नळाचं पाणी बिनधास्त प्या.
- जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे जेवणाची वेळ घड्याळ बघूनच पाळा.

बाहेरच्या बेटांचं आत्ता डोक्यात घेऊच नका. तारखा ठरल्या की सांगा, मग तिकिटांचं बघू.