पहिलं चांगलं माउथपीस निवडताना

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

दीड वर्ष क्लॅरिनेट वाजवल्यावर आता नवं माउथपीस (वाद्याचा तोंडात धरायचा वरचा तुकडा) घ्यायचंय, आणि बँडमधली मोठी मुलं ‘बी४५च घे’ म्हणतायत, असं तू लिहिलंस. वॅन्डोरेन कंपनीचं बी४५ चांगलंच माउथपीस आहे, जगभर वाजवतात. पण आज ते तुझ्या ओठांना झेपेल का, हे आधी बघायला हवं. आणि हे ठरतं एका छोट्याशा फटीवर.

तुझं आत्ताचं माउथपीस घे, त्यावर रीड, म्हणजे फुंकल्यावर थरथरणारी ती पातळ पट्टी, लाव आणि डोळ्यासमोर आडवं धरून कडेने खिडकीच्या उजेडाकडे बघ. टोकाशी रीड आणि माउथपीस यांच्यामध्ये उजेडाची एक बारीक रेघ दिसेल. तीच टोकाची फट. यामाहाच्या ४सीमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या वाद्याबरोबर येतं त्यात, ही फट १.०५ मिलिमीटर असते. बी४५मध्ये ती साधारण १.२ मिलिमीटर आहे. फरक केसाएवढा वाटतो, पण वाजवताना रीड दर सेकंदाला शेकडो वेळा ही फट मिटवते आणि उघडते. फट मोठी, तर रीडला जास्त वाकावं लागतं. ओठांच्या कडेचे स्नायू अजून तयार नसले की मुलं मग जबडा वापरतात, खालचे दात ओठात रुततात. सूर वर चढतो, आवाज चिमटल्यासारखा होतो आणि वीस मिनिटांत ओठ दुखायला लागतो. त्यावर उपाय म्हणून नरम रीड लावली, तर वरच्या पट्टीतले सूर खाली घसरतात आणि जोरात फुंकलं की आवाज फाटतो. फट फारच लहान असली तर उलटा त्रास. नरम रीड सारखी मिटते, कडक लावली तर सुरापेक्षा हवेची फुसफुस जास्त ऐकू येते.

म्हणून तुझ्यासाठी मी १.०० ते १.१० मिलिमीटरच्या आतलं, मध्यम लांबीच्या उताराचं माउथपीस सुचवेन. उतार म्हणजे रीड जिथून माउथपीसपासून सुटायला लागते तिथून टोकापर्यंतची वळलेली लांबी. ४सीमध्ये ती १९ मिलिमीटर आहे. फटीच्या या मापात वॅन्डोरेनचं ५आरव्ही लायर (१.०९ मि.मी.) किंवा एम१३ लायर (१.०२ मि.मी.) बघ. फोब्सचं डेब्यू आणि हाइटचं प्रीमियर ही मुद्दाम विद्यार्थ्यांसाठीच बनवलेली आहेत, मिळाली तर तीही वाजवून बघ. ५आरव्ही लायरवर अडीच नंबरची रीड चालेल, एम१३ लायरला तीन तरी लागेल. नंबर वाचताना कंपनी बघायला विसरू नकोस, कारण वॅन्डोरेनची अडीच रिकोच्या अडीचपेक्षा कडक लागते.

पण खर्च करण्याआधी दोष खरंच माउथपीसचा आहे का, ते तपास. ‘चीं’ असा आवाज फुटतो म्हणून नवं माउथपीस घेतात, आणि निघतं काय, तर पॅडमधून (भोकं झाकणाऱ्या गादीतून) हवा गळत होती किंवा बोट भोकावर नीट बसत नव्हतं. तुझं माउथपीस सरांच्या क्लॅरिनेटला लावून वाजव. तिथेही त्याच सुरावर आवाज फुटला तर संशय माउथपीसवर, रीडवर किंवा बोटांवर. नाही फुटला तर तुझं वाद्य आधी दुरुस्तीला दे.

मग एक सोपी परीक्षा. रीड भिजवून लाव, माउथपीसचं खालचं भोक तळहाताने घट्ट बंद कर, टोकाकडून हवा ओढून घे आणि तोंडातून बाहेर काढ. रीड एक-दोन सेकंद मिटलेली राहून ‘टप’ करून सुटायला हवी. लगेच सुटली तर कुठूनतरी हवा जातेय: रीड वाकडी आहे, नीट भिजलेली नाही, किंवा रीड बसते तो सपाट भाग, म्हणजे टेबल, सपाट राहिलेला नाही. तीन वेगवेगळ्या रीड लावूनही तसंच झालं तर दोष माउथपीसचा. कडाही बघ. कडा गुळगुळीत घासलेला काचेचा छोटा तुकडा टेबलावर दाबून धर आणि टोकाकडून काच व माउथपीस यांच्यामध्ये पातळ कागदाची पट्टी सरकव. ती दोन्ही बाजूंना सारख्याच खोलीवर अडायला हवी. कागद जाड असल्यामुळे १९ मिलिमीटरचा आकडा मिळणार नाही, तो शोधूही नकोस. पट्टी तिरकी अडली तर दोन्ही बाजूंचा उतार सारखा नाही, आणि ‘चीं’चं ते एक नेहमीचं कारण आहे. शेवटी टोकाच्या कडेवरून हलकेच नख फिरव. तिथे टवका गेला असेल तर ते माउथपीस बाजूला ठेव.

आता दुकानात. मुंबईत धोबीतलावला किंवा पणजीत चांगल्या दुकानात विचारलंस तर दोन-तीन माउथपीस समोर ठेवून वाजवू देतात. सरांना सोबत ने. स्वतःचं वाद्य, स्वतःचं लिगेचर (रीड आवळून धरणारा पट्टा) आणि घरी वाजवून मुरवलेल्या तीन रीड न्यायच्याच. नव्या माउथपीसवर नवी रीड लावलीस तर नेमका फरक कशाचा, ते कळणारच नाही. सुरुवात जुन्या माउथपीसवर कर, म्हणजे कान लागतील. मग प्रत्येक माउथपीस निदान दहा मिनिटं वाजव, आणि रीड दर वेळी सारखीच बसव: टोकाची काळी कड रीडच्या वर केसाएवढी दिसली पाहिजे. ती खाली-वर झाली तर तेच माउथपीस दुसरंच वाटायला लागतं.

वाजवायचं काय? धून नको, धुनेत माणूस रमून जातो. सगळ्यात खालचा ई घेऊन तो हळूहळू विझवत ने. आवाज अचानक तुटतोय की शेवटपर्यंत धागा राहतोय, ते ऐक. मग खालचा एफ धरून बोटं न हलवता रजिस्टर की, म्हणजे सूर वरच्या पट्टीत नेणारी अंगठ्याची कळ, दाब. वर सी यायला हवा, तोही ओठ न आवळता. मधल्या (‘थ्रोट’ म्हणतात त्या) पट्टीतल्या ए वरून वरच्या बी वर जाताना, म्हणजे सगळी मुलं अडखळतात तिथे, सूर किती पटकन बोलतो ते बघ. वरचा जी अगदी हळू आवाजात जिभेने सुरू कर. तिथे अडकत असेल तर ते माउथपीस किंवा ती रीड तुझ्यासाठी अजून जड आहे.

सुराच्या पट्टीसाठी ट्यूनर (सूर मोजणारं यंत्र) वापर, पण सूर घेताना त्याच्याकडे बघू नकोस, नाहीतर काटा मध्ये आणायला तू नकळत ओठ आवळशील. डोळे मिटून सूर घे, स्थिर कर, मग बघ. नुसतं माउथपीस आणि बॅरल (त्याच्या लगेच खालची छोटी नळी) जोडून फुंकलं तर ट्यूनरवर एफ शार्प दिसायला हवा. त्याच्या खूप वर गेला तर तू दाबतेयस. खूप खाली आला तर ओठ ढिले आहेत किंवा रीड नरम आहे. वॅन्डोरेनच्या नावामागे ‘१३ सीरिज’ असं लिहिलेलं दिसेल. ती माउथपीस ए = ४४० (ए सूर सेकंदाला ४४० कंपनांचा) या पट्टीसाठी आहेत, साधी ४४२च्या. तुला पियानो किंवा कीबोर्डबरोबर वाजवायचं असल्यामुळे बॅरल दर वेळी ओढून लांब करायचं नसेल तर १३ सीरिज सोयीची.

एक इशारा. शाळेच्या कपाटातलं ते जुनं इंग्लिश क्लॅरिनेट वाजवायची वेळ आली तर त्यावर हे माउथपीस लावू नकोस. बूझी अँड हॉक्सच्या १०१०सारख्या वाद्यांचं आतलं भोक रुंद असतं आणि त्यांना त्यांचंच माउथपीस लागतं. दुसरं लावलं की वरचे आणि खालचे सूर एकमेकांशी जुळत नाहीत, मग कितीही मेहनत कर. बँडमधली वादक मंडळी सांध्याच्या ढिल्या कॉर्कला दोरा गुंडाळतात, ते ठीक आहे, पण दोऱ्याने बसवलेलं माउथपीस त्या वाद्याचं होत नाही.

निवडलेलं माउथपीस एबोनाइटचं, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचं असेल. ते गरम पाण्याखाली धरू नकोस आणि मे महिन्यात खिडकीत ठेवू नकोस. काळा रंग हिरवट-तपकिरी होतो आणि चवीला गंधक लागतो. आठवड्यातून एकदा साधं पाणी आणि बोटाने हलकं पुसणं पुरतं. वर दात टेकतात तिथे रबराची पातळ पट्टी चिकटव, दातांचे खड्डे पडत नाहीत आणि जबडाही थोडा सैलावतो.

पुढच्या रविवारी जुन्या माउथपीसवर खालचा ई, खालचा एफ आणि वरचा सी असे तीन सूर तीन वेगवेगळ्या रीडवर घे आणि ट्यूनरने दाखवलेले नऊ आकडे कागदावर लिहून मला पाठव. ते बघून ५आरव्ही लायर आधी वाजवायचं की एम१३ लायर, ते सांगते.

तुझी,
बाई