डच चित्रांमधले मेलेले पक्षी इतके देखणे का?

तुम्ही विचारलंय की सतराव्या शतकातले डच चित्रकार शिकारीतले मेलेले पक्षी इतक्या मायेने का रंगवत, आणि घरात ती चित्रं टांगायला लोकांना किळस कशी वाटत नसे.

किळसेचं आधी सांगते. रानपक्ष्याचं मांस मुरावं म्हणून तो काही दिवस टांगून ठेवायची तिथे रीत होती. खिळ्याला लटकलेला पक्षी हे सवयीचं दृश्य होतं.

माया मला कळली ती हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयात, यान बाप्टिस्ट वेनिक्सच्या तितरासमोर. चित्र साधारण १६५० च्या सुमाराचं, जेमतेम अर्धा मीटर उंच. फिकट भिंत, खिळा आणि एका पायाने उलटा टांगलेला तितर. जिवंत पक्षी पिसं अंगाशी मिटून असतो. उलटा टांगला की पंख सैल सुटतो, पिसं आपल्याच भाराने विस्कटतात आणि आतली लव उघडी पडते. एरवी जे दिसतच नाही ते या चित्रकाराने पिसागणिक पाहिलंय. भिंतीवरची सावली तर इतकी खरी, की हात पुढे जातो. मी स्वतः चित्रं काढते. इतका वेळ एखाद्या जिवाकडे बघत राहणं मला आदराचंच वाटतं.

प्रतिष्ठेचा भागही होता. शिकारीचा हक्क मुख्यतः सरदार-उमरावांचा आणि काही अधिकाऱ्यांचा. व्यापाऱ्याकडे पैसा आला, तो मान नाही. मग निदान चित्र तरी भिंतीवर. विलेम फान आल्स्ट पक्ष्यांशेजारी शिकारीची मखमली झोळी आणि शिकारी ससाण्याच्या डोक्यावरची टोपी मांडायचा ते यासाठीच. वेनिक्सचा मुलगा यान याने तर जर्मनीतल्या बेन्सबर्गच्या राजवाड्यासाठी भलीमोठी शिकारचित्रं केली. हात विलक्षण तयार, पण माझं मन त्या थाटात रमत नाही.

रेम्ब्रांटचे मोर मात्र चुकवू नका. साधारण १६३९ चं चित्र, ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. एक मोर पायांनी टांगलेला, दुसरा खाली पडलेला, त्याच्याखाली रक्त साकळलेलं. रक्त लपवलेलं नाही. मागे खिडकीच्या चौकटीवर हात टेकून एक लहान मुलगी त्या मोरांकडे बघतेय. मोर पाहून झाले की तिच्या चेहऱ्यापाशी थोडं थांबा.