फ्रिशच्या गावात येतेयस तर

तुझा प्रश्न वाचत बसले आणि गॅसवरची भेंडी करपली. "ताई, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकताना स्विस लेखक माक्स फ्रिश वाचला, फार आवडला. आता नवऱ्याची झ्युरिकला बदली झालीय, मुलगी आठ वर्षांची आहे. फ्रिशचं शहर परकं वाटणार नाही ना?"

अगं, ते त्यालाच परकं वाटायचं.

परमिट, आरोग्यविमा, घरभाडं याबद्दल काही लिहीत नाही, ते सगळं सरकारी पानांवर आहे. फ्रिशचं मात्र बोलू. हा बाबा 1911 साली इथेच जन्मला. वडील वारल्यावर विद्यापीठ सोडून वर्तमानपत्रात लिहायला लागला. 1937 मध्ये 'आता लेखन बंद' म्हणत स्वतःची हस्तलिखितं जाळली, आर्किटेक्ट झाला आणि महापालिकेची स्पर्धा जिंकून लेट्सिग्राबेनचा पोहण्याचा तलाव बांधला. 1949 मध्ये तो उघडला. त्याचं काम चालू असताना नाटककार ब्रेख्त बघायला आला होता, आपल्याकडे 'तीन पैशाचा तमाशा' ज्याच्या नाटकावरून आला तोच. 1954 ला 'श्टिलर' कादंबरी गाजली आणि पुढच्या वर्षी पठ्ठ्याने ऑफिसच बंद केलं. चाळिशी उलटल्यावर! मग 'होमो फाबर' कादंबरी, 1958 चा ब्युशनर पुरस्कार, जर्मन साहित्यातला मोठा. आणि इतकं सगळं मिळाल्यावर गडी रोमला गेला, 'आन्डोरा' नाटक आलं तेव्हा तिथेच होता, पुढे बर्लिन, न्यूयॉर्क. अधूनमधून परत यायचा आणि देशाला चार शब्द सुनावायचा. देशही कमी नव्हता, पोलिसांनी 1948 पासून त्याच्यावर फाइल ठेवली होती. ती त्याच्या हातात पडली 1990 मध्ये, मरायच्या आदल्या वर्षी. वाचून त्याने काय केलं, तर त्यातल्या चुका काढल्या.

'श्टिलर'चं पहिलं वाक्य तुला पाठ असेल, 'मी श्टिलर नाही!' मला ते परीक्षेपुरतं माहीत होतं. कळलं इथल्या नोंदणी ऑफिसात. आपल्या पासपोर्टावर नावापुढे नवऱ्याचं नाव असतं ना, ते त्यांनी माझंच दुसरं नाव म्हणून चढवलं. मग बँक, विमा, दाताचा डॉक्टर, सगळीकडून पत्रं येणार ती श्रीमती मी-आणि-नवरा अशा बाईला. दुरुस्तीला गेले तर खिडकीतली बाई शांतपणे म्हणाली, तुमच्याच कागदावर आहे. चार खेपा घातल्या. तेरा वर्षं झाली, दाताच्या डॉक्टरकडे मी अजून पुरुषाचं नाव लावलेली बाई आहे. आता हाक मारली की उठते.

शाळेचं विचारलंस, तिथे माझा हात थरथरतो.

मी मॅक्समुल्लर भवनातून पुस्तकी जर्मन शिकून आले होते, जरा तोऱ्यातच. मुलगा चार वर्षांचा. बालवाडीत सगळे बोलतात झ्युरिकची बोली. ती बोलीच असावी असं इथल्या लोकांनी मतदान करून ठरवलंय, 2011 च्या मे महिन्यात. त्याच महिन्यात फ्रिशच्या जन्माला शंभर वर्षं झाली, आणि तो तर बोलायचा बोलीत, लिहायचा प्रमाण जर्मनमध्ये. तर बालवाडीच्या बाईंनी मला बोलावून गोड शब्दांत सांगितलं, घरी जर्मन बोलत जा, त्याला सोपं जाईल. आणि मी बोलले! मऊ भात भरवताना, ताप आल्यावर कपाळावर पट्टी ठेवताना, जर्मन. माझी ती व्याकरणशुद्ध, इस्त्री केलेली जर्मन. नवरा म्हणायचा, तू त्याच्याशी बातम्या सांगितल्यासारखी बोलतेस.

सहावीनंतर इथे जिम्नॅशियमची, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेची प्रवेशपरीक्षा असते, जर्मन आणि गणित. गणितात तो चांगला होता. जर्मनमध्ये पडला. म्हणजे ज्या भाषेसाठी मराठी सोडली तिनेच पाडलं. आता सतरा वर्षांचा आहे, आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समनचं शिकतोय. चार दिवस काम, एक दिवस शाळा. इथे त्यात काही कमीपणा नाही, हे मी पुण्यात सांगते तेव्हा समोरचा नुसता "अच्छा" म्हणतो. "म्हणजे बारावी नाही का गं?" असं माझी सख्खी बहीण म्हणाली. तो खूश आहे. मीच नाही. त्याच्या कामावरून नव्हे. मागच्या उन्हाळ्यात फ्रिशच्या त्या तलावावर आईचा व्हिडिओ कॉल आला. तिने विचारलं, "पाणी गार आहे का रे?" त्याला कळलं सगळं. पण उत्तर जुळेना, म्हणून अंगठा दाखवला आणि उडी मारली. आई म्हणाली, "शहाणा आहे हो." मी फोन दुसरीकडे फिरवला.

तुला कोणी घरी जर्मन बोल म्हणालं तर मान डोलव आणि घरी येऊन मराठीत भांड. जर्मन पोरं शाळेत शिकतातच.

एकटेपणा? येतो, पहिल्या दोन नोव्हेंबरमध्ये जास्त. मग कमी होतो. फ्रिशच्या डायरीत प्रश्नावल्या आहेत, त्यात एक असा: परदेशात आपल्या देशाची माणसं भेटली की घरची आठवण येते, की नेमकी तेव्हाच येत नाही? गणपतीत मंडळात जाऊन ये आणि मग मला सांग. मी दर वर्षी वेगळं उत्तर देते. त्यानेच 1965 मध्ये इथल्या इटालियन मजुरांबद्दल लिहिलं होतं, कामाला हात बोलावले आणि आली माणसं. तुझ्या नवऱ्याची कंपनी विमानाचं तिकीट देईल, सामानाचा कंटेनर देईल. तुझ्या रानडेमधल्या जर्मनचं तू काय करायचंस, ते कोणी विचारणार नाही. मी सहा वर्षं काही केलं नाही, ते वेगळं लिहीन कधीतरी.

आणि हो, मुलीच्या जन्मदाखल्यावर तिचं नाव आहे ना, ते आजच काढून बघ. माझ्या दाखल्यावर नुसतं 'स्त्री' लिहिलंय.